कर्सिव्ह गेलं, पण त्याच्या जागी पोरांना अक्षर शिकवणार कोण?

चाररेघी

नमस्कार मंडळी. मी जुळे सोलापुरात घरीच क्लास घेते, तिसरी ते सातवी, सेमीची पोरं येतात आणि इंग्लिश मीडियमची पण. काही वर्षांपासून एक गोष्ट बघतेय, यंदा ती फारच ठळक दिसायला लागली म्हणून धागा काढला. नवीन आलेल्या मुलांना कर्सिव्ह, म्हणजे जोडून लिहायचं इंग्लिश अक्षर, येतच नाही. अक्षर खराब आहे म्हणून तक्रार नाही, तो प्रकारच त्यांना माहीत नाही. मी वहीत शेरा जोडून लिहिला की पाचवीतला मुलगा वही परत माझ्याकडेच घेऊन येतो, मिस हे काय लिहिलंय.

एका पालकांनी शाळेत विचारलं तर सांगितलं की आता कर्सिव्ह कंपल्सरी नाही, प्रिंटमध्ये, म्हणजे सुटी अक्षरं, लिहू द्या, मार्क कापत नाही. बरं, मार्क कापू नका, पण मग प्रिंट तरी नीट शिकवलंय का? तेही नाही, आणि मला खरं खटकतंय ते हेच. आमच्या वेळी पहिलीत सुटी अक्षरं, दुसरीत लाल-निळ्या रेघांची फोर लाईनची वही, रोज एक पान, बाई बाकांमधून फिरायच्या आणि मागून येऊन हात धरून वळण दाखवायच्या. कर्सिव्ह काढलं तेव्हा तो तासच वेळापत्रकातून गेला, बाकांमधून फिरणं गेलं, हात धरणं गेलं. आता ठिपके जोडायची वर्कशीट, रिकाम्या जागा भरा, जोड्या लावा. पूर्ण वाक्य लिहायची वेळ येते चौथीत, तोपर्यंत हाताला जे वळण लागायचं ते लागून गेलेलं असतं.

परवा पाचवीतल्या एका मुलीशेजारी बसून ती कशी लिहिते ते नुसतं बघत होते. स्मॉल ए काढताना आधी पूर्ण गोल, मग पेन उचलून बाजूला दांडी. डी पण तसाच, दांडी तेवढी लांब. बी ला पण आधी गोल आणि मग डावीकडे दांडी, त्यामुळं घाई झाली की बी चा डी होतो. 'बिकॉज' हा सात अक्षरांचा शब्द, तो लिहिताना पेन दहा वेळा कागदावर टेकलं. जोडून लिहिलं तर एकदा टेकतं. मुलगी हुशार आहे, सगळं पाठ आहे, पण पेपर अर्धा राहतो आणि घरी बोलणी बसतात की तू स्लो आहेस. ती स्लो नाहीये हो, तिला कुणी पेन कसं चालवायचं ते शिकवलेलंच नाही.

तुमच्याकडं काय परिस्थिती आहे? शिक्षक असतील तर त्यांनी तर जरूर लिहा.

भुईकोट

ताई, लई योग्य विषय घेतला. मी बँकेतून रिटायर झालो, सुरुवातीची सगळी वर्षं लेजर हातानं भरली. तेव्हा अक्षर बघून सांगता यायचं ही एन्ट्री कुणाची. आम्हाला पाचवीत शाईचा पेन मिळायचा, त्याच्या आधी शिसपेन्सिल, आणि बॉलपेन हातात दिसलं की मास्तर काढून घ्यायचे. त्याचं कारण तेव्हा कळलं नाही पण आता कळतं. शाईचा पेन दाबावा लागत नाही, निब कागदावर टेकली की शाई वाहते, त्यामुळं हात आपोआप पुढं सरकतो आणि अक्षर अक्षराला जोडलं जातं. बॉलपेनची शाई घट्ट, ते दाबून चालवावं लागतं, बोटं दुखतात आणि माणूस सुटं लिहायला लागतो. माझ्या मते कर्सिव्हचा निम्मा जीव बॉलपेननंच घेतला, कॉम्प्युटर फार नंतर आला.

पूर्वभाग_पोरगा

थोडं वेगळं बोलतो, राग नसावा. आमची मातृभाषा तेलुगू, घरी आजी अजून तेलुगूत हिशोब लिहिते, विड्यांचा, दुधाचा, सगळा. तेलुगू अक्षर गोल गोल आणि सुटंच असतं, एकमेकाला जोडत नाहीत, तरी आजीचा हात बघा कसा पळतो. कन्नडचं पण तेच. म्हणजे जोडलं नाही तर स्पीड येत नाही हे काय मला पटलं नाही. उलट आमच्या शेजारी उर्दू मीडियमची पोरं आहेत त्यांची लिपीच जोडून लिहायची, एकाच अक्षराचं शब्दाच्या सुरुवातीला वेगळं रूप, मध्ये वेगळं, शेवटी वेगळं, ती पोरं पहिलीपासून तेच शिकतात आणि कुणी त्याला कर्सिव्ह बिर्सिव्ह म्हणत नाही. सोलापुरात चार लिप्या एका गल्लीत दिसतात, म्हणून म्हणतो इंग्लिशच्या वळणाचं एवढं कौतुक कशाला. हात रोज चालला पाहिजे, एवढंच.

चाररेघी

राग कशाचा, उलट फार चांगला मुद्दा काढलात. आजींचा हात पळतो कारण त्यांना प्रत्येक अक्षर कुठून सुरू करायचं आणि कुठं सोडायचं हे लहानपणी कुणीतरी बसवून दिलंय, आणि नंतर त्यांनी ते आयुष्यभर रोज लिहिलंय. माझं दुखणं तेच आहे की आजच्या पोरांना कुठल्याच लिपीत ते कुणी बसवून देत नाही. इंग्लिशमध्ये जोडण्याचा फायदा आहेच, कारण त्या लिपीतली बहुतेक अक्षरं खालच्या रेघेवर उजवीकडं सुटतात, तिथून पुढच्या अक्षरात शिरणं सोपं. तेलुगूची रचनाच वेगळी, तिथं जोडायची गरज नाही.

सॅनहोजे_व्हाया_सातरस्ता

इकडची माहिती देतो. अमेरिकेत २०१० साली कॉमन कोअर म्हणून शैक्षणिक मानकं आली, बऱ्याच राज्यांनी ती घेतली, त्यात कीबोर्डवर टाईप करता येणं होतं पण कर्सिव्हचं नावच नव्हतं, मग शाळांनी ते हळूहळू सोडून दिलं. नंतर लोकांच्या लक्षात यायला लागलं की मुलांना आजीचं ग्रीटिंग कार्ड पण वाचता येत नाही. मग एकेक राज्य परत कायदे करायला लागलं, आमच्या कॅलिफोर्नियात ऑक्टोबर २०२३ ला कायद्यावर सही झाली आणि जानेवारी २०२४ पासून पहिली ते सहावीला कर्सिव्ह शिकवणं शाळांना बंधनकारक आहे. माझी मुलगी चौथीत आहे, आता घरी येऊन स्वतःचं नाव जोडून लिहून दाखवते. याच्या उलट फिनलंडनं २०१६ पासून जोडून लिहिण्याची सक्ती काढून सुटं लिहिणं आणि टायपिंग ठेवलं. फ्रान्समध्ये मात्र पहिलीपासून जोडूनच लिहितात, त्यांनी ते कधी सोडलंच नाही.

शेंगाचटणी

पालक म्हणून प्रामाणिकपणे विचारतो. माझा मुलगा सातवीत, मोबाईलवर मराठी बोलून टाईप करतो, माझ्यापेक्षा फास्ट. जेईई मेन पूर्ण कॉम्प्युटरवर आहे. ऑफिसात मी स्वतः महिन्यात एखादी सही सोडली तर हातानं काही लिहीत नाही. मग आधीच अभ्यास एवढा असताना पोरांचा वेळ वळणदार अक्षरात घालवायचा का? त्यापेक्षा दोन्ही हातांनी दहा बोटांचं टायपिंग शिकवा की, ते पण शाळेत कुठं शिकवायलेत.

अभ्यासिका_३४

शेंगाचटणी काका, मी सांगतो का. मी पार्क चौकाजवळ अभ्यासिकेत बसतो, एमपीएससी करतोय. आधी राज्यसेवा मुख्यचे जीएसचे, म्हणजे सामान्य अध्ययनाचे, पेपर ऑब्जेक्टिव्ह होते, गोल काळे करायचे. २०२५ पासून वर्णनात्मक झाले. त्याच धर्तीच्या यूपीएससीच्या जीएस पेपरचं गणित सांगतो, २५० मार्क, ३ तास, २० प्रश्न, त्यातले दहा १५० शब्दांचे आणि दहा २५० शब्दांचे. म्हणजे ४,००० शब्द १८० मिनिटांत, मिनिटाला साधारण २२ शब्द, आणि यात प्रश्न वाचायला आणि विचार करायला एक सेकंदपण धरलेला नाही. आमच्या अभ्यासिकेत पोरं आहेत ज्यांना सगळं येतं, नकाशे येतात, कलमं तोंडपाठ, पण दीड तासानंतर अंगठ्याच्या मुळात कळ येते आणि शेवटचे पाच प्रश्न कोरे. पेन मुठीत आवळून धरलेलं असतं. चोविसाव्या वर्षी आम्ही पेन कसं धरायचं ते शिकायलोय. दहावी बारावीचे बोर्डाचे पेपर पण हातानंच लिहायचे आहेत की, तिथं कुठं बोलून टाईप करता येतंय.

मोहोळचे_गुरुजी

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे, दोन शिक्षक आणि चार वर्ग, तर शाळेच्या बाजूनं पण कुणीतरी बोललं पाहिजे म्हणून लिहितो. आपल्या राज्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे सहा वर्षांचं पोर एकाच वेळी देवनागरी शिकतं आणि रोमन पण. देवनागरीत अक्षर शिरोरेघेला लटकतं, इंग्रजीत खालच्या रेघेवर बसतं. त्यात इंग्रजीची एबीसीडी कॅपिटल आणि स्मॉल, त्यावर कर्सिव्हचे परत दोन संच, पोरानं किती आकार लक्षात ठेवायचे? २०२१ पासून केंद्र सरकारचं निपुण भारत अभियान आहे, तिसरी संपेपर्यंत पोराला समजून वाचता आलं पाहिजे आणि बेरीज वजाबाकी आली पाहिजे, आमची तपासणी त्यावर होते, अक्षरावर नाही. मार्च २०२० ला शाळा बंद झाल्या तेव्हाची पहिली-दुसरीची पोरं तर थेट तिसरी-चौथीतच वर्गात आली, त्यांना पेन्सिल धरायला शिकवायचं वयच घरी गेलं. मी एका वर्गाला वाचन देतो तेव्हा दुसरा वर्ग फळ्यावरचं उतरवत असतो, त्यांच्या मागं जाऊन कोण कसं वळण काढतंय हे बघायला तिसरा माणूस लागतो. आम्हाला अक्षराचं महत्त्व कळत नाही असं कृपया कुणी समजू नका. शनिवारी मी अजून शुद्धलेखन घेतो आणि स्वतः तपासतो.

चाररेघी

गुरुजी, तुमच्यासारखे शिक्षक आहेत म्हणून तर बोलायची हिंमत होते. दोष तुमच्यावर नाहीच. दोन माणसांना चार वर्ग दिल्यावर बाकांमधून फिरणार कोण, ते ज्यांनी ठरवलं त्यांना विचारलं पाहिजे. आणि आकार फार होतात हे अगदी मान्य. मी कॅपिटल कर्सिव्ह शिकवतच नाही. तो वेलबुट्टीचा क्यू आणि झेड कुणालाही लागत नाही, कॅपिटल साधा प्रिंटमधलाच ठेवा आणि पुढची स्मॉल अक्षरं जोडा, चालतं.

डॉ_होटगीरोड

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, लिहिता न येणारी मुलं रोज बघते. हस्ताक्षरावरच्या संशोधनाबद्दल नेहमी एक गल्लत होते ती दुरुस्त करते. अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात कॅरिन जेम्स यांनी वाचता न येणाऱ्या पाच वर्षांच्या मुलांवर प्रयोग केला, तो २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. मुलांनी काही अक्षरं स्वतः हातानं काढली, काही ठिपक्यांवरून गिरवली, काही कीबोर्डवर दाबली, नंतर स्कॅनमध्ये ती अक्षरं दाखवली. वाचनाशी संबंधित मेंदूचा भाग स्वतः काढलेल्या अक्षरांना उठून प्रतिसाद देत होता, टाईप केलेल्या आणि गिरवलेल्यांना तसा नाही. नॉर्वेत ट्रॉनहाइमला २०२४ मध्ये ३६ विद्यार्थ्यांवर ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींची नोंद, केला, त्यातही हातानं लिहिताना मेंदूचे भाग जास्त जोडले गेले, पण तिथं टायपिंग एका बोटानं करायला लावलं होतं हे पण लक्षात घ्या.

हे दोन्ही प्रयोग हस्ताक्षर विरुद्ध कीबोर्ड असे आहेत. कर्सिव्ह विरुद्ध प्रिंट नाहीत. त्यामुळं कर्सिव्हनं मुलं हुशार होतात वगैरे जे मेसेज फिरतात ते फॉरवर्ड करू नका. मला यातली सगळ्यात कामाची गोष्ट गिरवण्याची वाटते. ठिपके जोडताना मूल फक्त पुढचा ठिपका बघतं, पूर्ण अक्षर डोक्यात तयार होत नाही. एक-दोनदा गिरवलं की लगेच नमुना बघून स्वतः काढायला लावा, वाकडं आलं तरी चालेल. बाजारात मिळणारी सगळी ठिपक्यांची पुस्तकं भरून काढली तरी हाताला वळण लागत नाही ते यामुळंच.

आणि एक विनंती. काही मुलांना डिसग्राफिया असतो, त्यांना कितीही सराव दिला तरी लिहिणं यातनामय असतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमता आहे, बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ आणि लेखनिक मिळतो, पण आधी तपासणी आणि सर्टिफिकेट लागतं. आळशी म्हणून मारू नका, आधी दाखवून घ्या.

बोरू_आणि_दौत

आपल्याकडं हे एकदा होऊन गेलंय. मोडी ही जोडून पळवायचीच लिपी. आधी पानभर शिरोरेघ ओढून घ्यायची, मग हात न उचलता तिच्याखाली लिहीत सुटायचं, ऱ्हस्व-दीर्घाची भानगड नाही, एकच वेलांटी. कारकुनाला वेग हवा होता म्हणून तिचं रूप तसं घडलं. १९५० च्या सुमारास ती शाळांतून गेली, छपाईला आणि सगळ्या देशाला एक बाळबोध, म्हणजे देवनागरी, बरी म्हणून, त्यात तथ्यही होतं. पण आज आमच्या घरात पणजोबांचे जमिनीचे कागद आहेत, दक्षिण सोलापूर तालुक्यातल्या वाटणीचे, आणि ते वाचून घ्यायला आम्हाला बाहेरचा माणूस शोधून पैसे द्यावे लागले. त्या माणसानं वाचून दाखवलं की बांधावरची दोन चिंचेची झाडं कुणाची हे त्यात स्पष्ट लिहिलंय. त्याच झाडांवरून दोन भाऊ आयुष्यभर बोलले नाहीत, आणि कागद ट्रंकेतच होता. लिहिता नाही आलं तरी चालेल, निदान पोरांना जोडलेलं वाचता येईल एवढं तरी शिकवा असं माझं मत.

शेंगाचटणी

डॉक्टर, गुरुजी, अभ्यासिकावाले भाऊ, सगळं वाचलं. २२ शब्दांचं गणित वाचून मुलाला बसवून लिहायला लावलं, घड्याळ लावून. खूपच कमी भरलं आणि पाचव्या मिनिटाला हात झटकायला लागला. टायपिंगचं माझं मत कायम आहे पण आता चाररेघी ताई, तुम्ही नक्की काय करता ते सांगा. सातवीतल्या मुलाला पण जमेल का? तो डावरा आहे.

चाररेघी

जमतं, सातवीत तर लवकर जमतं, कारण मुलाला स्वतःलाच पेपर पुरा करायचा असतो. मी करते ते सविस्तर लिहिते.

आधी एबीसीडीच्या क्रमानं शिकवणं बंद. मराठीत आपण पोरांना अआइई च्या ओळीनं अक्षर काढायला शिकवत नाही, ग म भ न, व ब क असं आकारानं शिकवतो, इंग्लिशमध्ये पण तसंच करायचं. पहिला गट सी, ए, डी, जी, क्यू, ओ, सगळे वरून सुरू होऊन डावीकडं वळतात. हा एक गट हातात बसला की निम्मं अक्षर सुधारतं, वर सांगितलेल्या मुलीचा डी आता सी पासूनच सुरू होतो त्यामुळं बी-डी चा गोंधळ थांबत आलाय. दुसरा गट आय, यू, टी, जे. तिसरा एल, ई, एच, के, बी, एफ, वेटोळ्यांचे. मग एन, एम, आर वगैरे उरलेले.

खरी अडचण जोडण्यात येते आणि तिथं बहुतेक वह्या काहीच सांगत नाहीत. बहुतेक अक्षरं खालून सुटतात, पण ओ, व्ही, डब्ल्यू आणि बी ही चार वरच्या निळ्या रेघेजवळून सुटतात. त्यामुळं 'ब्रिंग' लिहिताना मूल बी ला नेहमीसारखं खाली आणतं आणि तिथून आर काढतं, मग तो एल आणि यू सारखा दिसतो आणि वाचता येत नाही. मी ही चार अक्षरं वेगळी घेते, ओआर, ओएन, व्हीई, डब्ल्यूआर, बीआर अशा नुसत्या जोड्या, शब्द नाहीत, एक ओळ, बास. एकदा हे कळलं की मुलांचा चेहराच बदलतो, कारण आजवर त्यांना वाटत असतं आपलाच हात वाईट आहे.

रोज दहा मिनिटांच्या वर मी घेत नाही, आणि त्या दहा मिनिटांत मी फोनला हात लावत नाही, त्यांच्या पेनाच्या टोकाकडं बघत बसते. पानभर लिहून आण म्हणून घरी दिलं की चुकीचंच वळण पक्कं होतं. पेन दोन बोटांत धरून खाली मधल्या बोटाचा टेकू, आणि पकड एवढी सैल की मी मागून हळूच ओढलं तर पेन निघालं पाहिजे. अभ्यासिकावाल्या दादांनी हे आजच करून बघा, अंगठ्याची कळ बरीचशी आवळून धरण्यानं येते.

डावऱ्या मुलासाठी वही सरळ समोर ठेवायची नाही. शरीराच्या मध्यापासून थोडी डावीकडं ठेवायची आणि वरची बाजू उजवीकडं कलती. उजव्या हाताच्या मुलांना बरोबर उलटं, वरची बाजू डावीकडं कलती. पेन टोकापासून थोडं वर धरायचं म्हणजे लिहिलेलं दिसतं आणि शाई फासत नाही. वर्गात त्याला बाकाच्या डाव्या टोकाला बसवा म्हणून बाईंना चिठ्ठी द्या, नाहीतर शेजाऱ्याचं कोपर आणि त्याचं कोपर रोज भांडतात. आणि डावा हात बदलायला लावू नका, कुणीही सांगितलं तरी.

कॅलिफोर्नियाचा कायदा वाचून बरं वाटलं पण नुसता कायदा करून भागत नाही. आपल्या इथं डीएड करणाऱ्या मुलामुलींपैकी अनेकांना स्वतःलाच ओ वरून कसा सुटतो हे कुणी दाखवलेलं नसतं, माझ्याकडं दोन जणी येऊन शिकून गेल्या. शाळांनी कर्सिव्ह ठेवा, प्रिंट ठेवा, थोडं जोडलेलं थोडं सुटं असं ठेवा, पण एक काहीतरी ठरवा आणि पहिली ते चौथी तेच सगळ्या बाईंनी शिकवा, आठवड्यात निदान दोन तास, शिक्षकाची नजर पोरांच्या हातावर असताना. पुढच्या पालकसभेत मी हे लेखी देणार आहे, ज्यांना आपापल्या शाळेत द्यायचं असेल त्यांना मजकूर पाठवते.

मोहोळचे_गुरुजी

ताई, मजकूर मला पण पाठवा, आमच्या केंद्रातल्या शाळांच्या शिक्षण परिषदेत मांडतो. त्या चार अक्षरांच्या जोड्यांचा फळ्यावरचा फोटो पण टाका, तो तिसरीच्या पोरांना शनिवारी देतो.

पूर्वभाग_पोरगा

आजीला धागा वाचून दाखवला. ती म्हणाली वाड्यातल्या दोन पोरींना मी तेलुगू अक्षर शिकवते, संध्याकाळी पाठवा म्हणाव. खरंच पाठवायलोय.

शेंगाचटणी

ताई एक शेवटचं, ती फोर लाईनची वही मोठ्या गाळ्याची नवी पेठेत मिळते का? मुलाचं अक्षर मोठं आहे, नेहमीच्या वहीत मावत नाही.

चाररेघी

मिळते, दुकानात लहान मुलांची मोठी फोर लाईन म्हणून मागा, पहिलीच्या वह्यांच्या गठ्ठ्यात असते. सातवीच्या मुलाला लाज वाटत असेल तर कव्हर घालून द्या. पहिल्या पानावर सी चा गट सुरू करा आणि फोटो इथं टाका, मी बघून सांगते.